सांधेबदल

आमच्या गोंदियाला चार दिशांनी रूळ येतात. पश्चिमेकडून नागपूरचे, पूर्वेकडून दुर्ग-रायपूरचे, उत्तरेकडून जबलपूर-बालाघाटचे आणि दक्षिणेकडून चांदाफोर्ट-नागभीडचे. मुंबईहून हावड्याला निघालेला उतारू इथे अर्धवट जागा होतो, खिडकीतून ‘गोंदिया जंक्शन’ ही पाटी वाचतो, ‘अजून किती राहिले?’ असे पुटपुटत कुशीवर वळतो, आणि आमच्या गावाशी असलेला त्याचा संबंध संपतो. आम्हां गोंदियाकरांचे तसे नाही. आमचा जन्म या सांध्याच्या खडखडाटातच जातो. उत्तर-दक्षिणेचे ते दोन फाटे माझ्या लहानपणी नॅरो गेजचे होते. आता तेही ब्रॉडगेज झाले आणि छोट्या गाडीच्या डब्यात डुलत डुलत बालाघाटला जाण्यातली मौज तेवढी गेली. पण सांधा आहे तो आहेच.

हे रेल्वेपुराण आज काढण्याचे कारण मात्र सूर्य आहे.

त्याचे असे झाले. आमच्या महाविद्यालयात २८ फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय विज्ञानदिनी, मुले तक्ते लावतात. त्या तक्त्यांवरचे मराठी तपासून देण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे येते. शास्त्र शिकविणाऱ्यांना मराठीची भीती वाटते, आणि मराठी शिकविणाऱ्यालाही शास्त्राची तितकीच वाटते हे त्यांना ठाऊक नसते! एका मुलीच्या तक्त्यावर मथळा होता : ‘प्लाझ्मातील चुंबकीय पुनर्जोडणी : प्रयोगशाळेतील प्रयोग’. इंग्रजीतल्या ‘मॅग्नेटिक रिकनेक्शन’चे हे मराठी. मथळा शुद्ध होता. ऱ्हस्वदीर्घ जागच्या जागी. पण मुलगीच म्हणाली, ‘‘सर, हा शब्द काही बरोबर वाटून नाही राहिला. पुनर्जोडणी म्हटलं की, बिल थकलं म्हणून कापलेली लाईन पैसे भरल्यावर पुन्हा जोडून देतात, तसं वाटते.’’

‘‘मग हे तसे नाही का?’’

‘‘नाही ना सर. यात तुटलेलं टोक आपल्याच टोकाला नाही जुळत. दुसऱ्याच्या टोकाला जुळते.’’

एवढ्या नेटक्या शब्दांत व्याख्या करणारी मुलगी परीक्षेत निबंधाला कमी मार्क का मिळवते, हे कोडे मला सुटलेले नाही. असो. मी तिच्याकडून पुस्तके मागून घेतली, आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना मधल्या सुट्टीतला चहा पाजून पाजून शंका विचारल्या, आणि शेवटी तिच्या तक्त्यावर एक शब्द सुचविला : ‘सांधेबदल’. तो का, हे सांगायचे तर आधी त्या गोष्टीची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

शाळेत आपण सर्वांनी चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस पसरला आहे. टिचकी मारली की कीस रेषारेषांनी मांडला जातो. या चुंबकरेषा मायकेल फॅरेडेने विज्ञानात आणल्या. खरे पाहता त्या अक्षांश-रेखांशांसारख्या, हिशेबाच्या सोयीसाठी कल्पिलेल्या रेषा. पण प्लाझ्मात शिरल्या की त्या कल्पनेतल्या राहत नाहीत, दोऱ्यासारख्या वागू लागतात. प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू की त्यातल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे झाले आहेत. आमच्या परिभाषाकारांनी त्याला ‘आयनद्रायू’ असा भारदस्त शब्द योजला आहे. तो उच्चारून कुणाच्या घरी चहा मिळणार नाही म्हणून मी आपला प्लाझ्माच म्हणतो. आकाशातली वीज प्लाझ्मा, घरातल्या ट्यूबलाइटमधला उजेड प्लाझ्मा, आणि सूर्य तर सगळाच प्लाझ्मा. स्वीडनच्या हान्नेस आल्फव्हेन यांनी १९४२ साली दाखविले की चांगल्या वीजवाहक प्लाझ्मात चुंबकरेषा जणू गोठून बसतात. प्लाझ्मा सरकला की रेषा त्याच्याबरोबर सरकते. साखरेच्या पाकात दोरा टाकून पाक हलवावा, तसे. दोरा पाक सोडत नाही आणि पाक दोरा सोडत नाही.

आता दोन बाजूंनी प्लाझ्मा एकमेकांवर ढकलला गेला, आणि एकातल्या रेषा वर तोंड केलेल्या तर दुसऱ्यातल्या खाली तोंड केलेल्या असल्या, तर काय होईल? मध्ये एक अगदी पातळ पापुद्रा तयार होतो. तेथे गोठणुकीचा नियम मोडतो. रेषा तुटतात, आणि आडव्या जुळतात.

गोंदियाचा सांधा डोळ्यांसमोर आणा. समजा, बालाघाटहून येणारा रूळ वळून नागपूरला जातो आणि दुर्गहून येणारा वळून चांद्याला जातो. दोन स्वतंत्र मार्ग, एकमेकांजवळून जाणारे, पण एकमेकांत न मिसळणारे. रात्री सांधेवाल्याने सांधे बदलले. आता बालाघाटचा रूळ दुर्गला जुळला आणि नागपूरचा चांद्याला. चारी दिशांचे रूळ आहेत तिथेच आहेत. एक फूटही नवा रूळ टाकला नाही, एक फूटही उखडला नाही. फक्त कोण कोणाशी जोडले गेले ते बदलले. नागपूरला उतरायचे म्हणून निर्धास्त झोपलेला माणूस सकाळी दुर्गच्या फलाटावर डोळे चोळीत उभा! चुंबकरेषांचे नेमके हेच होते. आणि वर आणखी एक. नव्याने जुळलेल्या रेषा गलोलीच्या ताणलेल्या रबरासारख्या वाकलेल्या असतात. त्या सटकन सरळ होतात आणि प्लाझ्मा दोन्ही अंगांना भिरकावून देतात. रेषांच्या ताणात साठलेली शक्ती अशी वेगाच्या आणि उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. सूर्यावरचे प्रचंड स्फोट होतात ते याच मार्गाने.

गंमत अशी की, या प्रकाराचा पृथ्वीवरचा एक अत्यंत मोलाचा पुरावा आपल्या मुंबईत, कुलाब्याला, जुन्या नोंदवह्यांत पडून होता.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन हे ज्योतिर्विद दुर्बिणीने पाडलेल्या सूर्यबिंबावरून डागांचे चित्र काढीत होते. एकाएकी डागांच्या घोळक्यात दोन ठिकाणी डोळे दिपविणारा पांढरा लखलखाट झाला. गृहस्थ साक्षीदार आणायला धावले. परत येतात तो तेज ओसरत चाललेले. सगळा खेळ पाच मिनिटांचा. सुदैवाने रिचर्ड हॉजसन नावाच्या दुसऱ्या निरीक्षकानेही तो आपल्या घरून पाहिला होता, नाहीतर कॅरिंग्टनसाहेबांच्या चष्म्यावरच शंका घेतली गेली असती. त्यानंतर साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवरच्या होकायंत्रांच्या सुया पिसाटल्या. अमेरिकेत तारायंत्राच्या मास्तरांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि आकाशातून तारेत उतरलेल्या विजेवरच संदेश पाठविले.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापिली, आणि १८४१ पासून तेथे चुंबकीय मोजमाप होऊ लागले. मराठीच्या अभ्यासकाला या वेधशाळेविषयी एक घरगुती जिव्हाळा आहे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी तिचा कारभार पाहिला होता. आणि पुढे टिळकांना डेक्कन कॉलेजात गणित शिकविणारे केरूनाना छत्रे ऐन तारुण्यात याच वेधशाळेत नोकरीला होते. आम्ही वर्गात बाळशास्त्र्यांना वृत्तपत्राचे जनक म्हणून शिकवितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. ते होकायंत्राच्या सुईकडेही तितक्याच आस्थेने पाहत असत, हे मुलांना सांगायचे राहून जाते.

१८५९ च्या त्या वादळाच्या वेळी बाळशास्त्री हयात नव्हते आणि केरूनाना पुण्याला होते. पण वेधशाळेची शिस्त कायम होती. ठरावीक वेळी माणसाने यंत्राजवळ जायचे, डोळ्याने आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. २ सप्टेंबरला आकडे भराभर बदलू लागले तेव्हा वाचनेही भराभर घेतली गेली. इंग्लंडात ही नोंद छायाचित्राच्या कागदावर आपोआप होत असे. तेथल्या रेषा कागदाबाहेरच निघून गेल्या. कुलाब्याच्या माणसाचा डोळा मात्र आकड्याबरोबर राहिला. मुंबईतले आडवे चुंबकीय बळ त्या दिवशी सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे नेहमीच्या मानाने शेकडा चारांनी, खाली आले. २००३ साली अमेरिकेचे त्सुरुतानी, ब्राझीलचे गोन्झालेस आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना व शोभना अॅलेक्स यांनी हे आकडे जुन्या खंडांतून काढून जगापुढे मांडले. कॅरिंग्टनचे वादळ किती मोठे होते याचा विचार करताना आज जगभरचे लोक कुलाब्याचा हा आकडा समोर ठेवतात. तुलना करायची तर, मे २०२४ मध्ये लडाखातल्या हानले येथून आकाशात तांबडा ध्रुवप्रकाश दिसला त्या वादळाचा निर्देशांक चारशेच्या आसपास होता. एक आकडा एका ठिकाणचा, क्षणाचा. दुसरा अनेक ठिकाणची तासातासाची सरासरी. तेव्हा ही तुलना ढोबळच समजावी. तरीही फरक डोळ्यांत भरतो.

हे बळ खाली का येते? १९६१ साली जेम्स डंगी या इंग्रज शास्त्रज्ञाने याचे उत्तर दिले. पृथ्वीच्या चुंबकरेषा आपल्याभोवती कवचासारख्या उभ्या आहेत आणि सूर्याकडच्या बाजूला त्यांचे तोंड उत्तरेकडे आहे. सूर्याकडून आलेल्या वाऱ्यातल्या रेषांचे तोंडही उत्तरेकडे असेल तर कवच बहुतांशी शाबूत राहते. पण ते दक्षिणेकडे असेल तर सांधेबदल होतो. पृथ्वीच्या रेषेचे एक टोक सूर्याच्या रेषेला जुळते आणि कवचाला दार पडते. त्या दारातून शक्ती आत शिरते, पृथ्वीभोवती विजेचा एक प्रवाह कडे करून फिरू लागतो, आणि कुलाब्याची सुई ढळते. म्हणजे वादळ मोठे की लहान हे केवळ सूर्याच्या रागावर अवलंबून नाही, तर तो राग कोणत्या दिशेला तोंड करून आला यावर अवलंबून आहे. पाव्हणा एकच, पण पुढच्या दाराने आला की मागच्या, यावर घरची धांदल ठरते.

येथवर सारे सुरळीत होते. अडचण आली ती वेगाची. १९५६ ते १९५८ च्या दरम्यान पीटर स्वीट आणि युजीन पार्कर यांनी या सांधेबदलाचे गणित मांडले. गणित सुंदर, पण उत्तर भलतेच. त्या हिशेबाने सूर्यावरचा एक स्फोट पुरा व्हायला काही महिने लागायला हवेत. कॅरिंग्टनने पाहिला तो पाच मिनिटांचा! कारण असे की, त्या गणितातला मधला पापुद्रा लांबच लांब आणि कागदासारखा पातळ आहे. आत येणारा सगळा प्लाझ्मा त्या चिंचोळ्या फटीतून बाहेर पडणार. दिवाळीच्या गर्दीत गाडीतून उतरलेली सगळी माणसे एका अरुंद जिन्याने बाहेर पडू लागली की फलाट मोकळा व्हायला किती वेळ लागतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला स्वीट-पार्कर यांचे गणित वेगळे शिकवायला नको. १९६४ साली हॅरी पेचेक यांनी सुचविले की बाहेर पडण्याची वाट फटीसारखी नसून नरसाळ्यासारखी उघडत जाणारी असावी. वेग जुळला. पण निसर्ग तशी वाट उघडतो कशाच्या जोरावर, हा प्रश्न उरलाच. खुद्द आल्फव्हेन, ज्यांच्या गोठलेल्या रेषांवर हा सगळा डोलारा उभा, ते तर या साऱ्या कल्पनेवरच नाराज होते. नोबेल पारितोषिक मिळाल्यावरही त्यांनी आपला विरोध सोडला नाही. मला अशी माणसे आवडतात. आपल्याच सिद्धांताचा फार पसारा केलेला न आवडणारा विद्वान आमच्या साहित्यक्षेत्रात सापडणे कठीण!

सूर्याकडे नुसते पाहून हा प्रश्न सुटण्याजोगा नव्हता. दुर्बिणीतून स्फोट दिसतो. पापुद्र्याच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही. तेव्हा सूर्यावरचा तो एवढासा सांधाच भांड्यात करून पाहावा, हा विचार पुढे आला. मॉस्कोला, कॅलिफोर्नियात, टोकियोत असे प्रयोग झाले. पण ज्याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे ते यंत्र १९९५ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे मासाआकी यामाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केले.

एक मोठे पिंप डोळ्यांसमोर आणा. त्यातली हवा काढून टाकलेली. आत गाडीच्या टायरएवढी दोन कडी समोरासमोर टांगलेली, आणि त्या कड्यांच्या पोटात तारांची वेटोळी. पिंपात हायड्रोजन किंवा हेलियम अगदी थोडा सोडायचा आणि वेटोळ्यांतून विजेचा मोठा झोत पाठवायचा. वायूचा प्लाझ्मा होतो. मग कड्यांतला प्रवाह वाढवला की प्रत्येक कड्याभोवतालच्या चुंबकरेषा फुगून एकमेकींवर ढकलल्या जातात. कमी केला की मागे ओढल्या जातात. दोन्ही वेळा मध्यावर सांधा बदलतो. सगळा व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत आटोपतो. उष्णतामान लाखभर अंशांचे. चुंबकीय बळ मात्र फ्रिजच्या दाराला चिकटणाऱ्या चुंबकाच्या चारपाच पट, एवढेच.

‘‘लाख अंश? मग पिंप वितळत कसे नाही?’’ हा प्रश्न मी आमच्या प्राध्यापकांना विचारला, आणि घरी हे सारे सांगू लागताच सौभाग्यवतींनी मला विचारला. उत्तर दिवाळीतच आहे. फुलबाजीच्या ठिणग्या चांगल्या लाल-पांढऱ्या तापलेल्या असतात, पण लहान मूल ती हातात धरून नाचते. ठिणगी तापलेली खरी, पण तिच्यात ऐवज किती? पिंपातला प्लाझ्मा आपल्या हवेहून काही लाख पटींनी विरळ असतो, आणि टिकतो निमिषाहून कमी. म्हणूनच त्याच्या ऐन गाभ्यात तारेची बोटाच्या पेराहूनही लहान वेटोळी खुपसून ठेवता येतात. रेषा सरकल्या की या वेटोळ्यांत वीज उमटते, आणि कुठे, केव्हा, कोणत्या दिशेला किती बळ होते ते कळते. कुलाब्याला एक सुई होती. इथे अशा वेटोळ्यांच्या रांगाच्या रांगा. आणि मुख्य म्हणजे प्रयोग पुन्हा करता येतो. सूर्याला ‘एकदा पुन्हा’ असे म्हणता येत नाही.

या पिंपातून काय निघाले? पहिली गोष्ट निघाली ती मला फार समाधानाची वाटली. १९९८ साली असे दिसले की स्वीट-पार्कर यांचे गणित चुकीचे नव्हतेच. प्लाझ्मा दाट ठेवला, कणांची एकमेकांवर सारखी टक्कर होऊ दिली, की सांधेबदल त्यांच्या हिशेबाला धरून संथपणे चालतो. मात्र प्लाझ्मा विरळ केला, टकरी कमी केल्या, की वेग वाढतो. म्हणजे गणित गर्दीचे होते आणि ते मोकळ्या मैदानाला लावले जात होते.

दुसरी गोष्ट, वेग का वाढतो ही. प्लाझ्मात दोन जातींचे कण. हायड्रोजनचे केंद्रक जड, आणि इलेक्ट्रॉन त्याच्या सुमारे अठराशेव्या हिश्शाइतका हलका. लांबवर हे दोघे हातात हात घालून चालतात. पण पापुद्रा पुरेसा पातळ झाला की जड मंडळींना रेषांची वळणे घेणे जमत नाही. ती आधीच रेषा सोडून बाहेर पडतात. हलके इलेक्ट्रॉन मात्र रेषांना धरून थेट सांध्यापर्यंत जातात. वरातीत बँडवाले पोरगे बोळातून सरळ पुढे जावेत आणि थोरली मंडळी बोळाच्या तोंडाशीच बाजूला व्हावीत, तसे. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या जड कणांना चिंचोळी फट ओलांडावीच लागत नाही. त्यांची वाट रुंद होते, आणि पेचेक यांच्या नरसाळ्याची आठवण होते. हे नुसते बोलणे नव्हे. कण असे फुटून वेगळे चालले तर सांध्याभोवती चार कोपऱ्यांत चार चुंबकीय ठिपके, आलटून पालटून उलट दिशांचे, उमटले पाहिजेत असे सिद्धांत सांगत होता. २००५ साली प्रिन्स्टनच्या वेटोळ्यांनी ते चार ठिपके जसेच्या तसे दाखविले.

तिसरी गोष्ट हिशेबाची. २०१४ साली यामाडा आणि मंडळींनी जमाखर्च मांडला. आत आलेल्या चुंबकीय शक्तीपैकी सुमारे निम्मी कणांच्या पदरात पडते. आणि त्या निम्म्यातले दोन भाग जड कणांना तर एक भाग इलेक्ट्रॉनांना मिळतो. कोट्यवधी कोसांवरच्या स्फोटाची वाटणी एका पिंपात बसून अशी रुपये-आणे-पैंत मांडलेली पाहिली की आमच्या खातेवहीवाल्या मारवाडी शेजाऱ्यांचीही मान डोलेल.

पिंपातले खरे आकाशात खरे ठरेल का, ही शंका योग्यच आहे. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेने एकाच वेळी चार याने सोडली. ती चौकडी करून, एकमेकांपासून दहा किलोमीटरांच्या आसपास अंतर राखून, पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या कडेने फिरत राहिली. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती नेमकी सांध्याच्या गाभ्यातून गेली. इलेक्ट्रॉनांचे वागणे तिथे प्रत्यक्ष मोजले गेले. प्रयोगशाळेत जे बोटाच्या पेराएवढ्या जागेत दिसले होते त्याचेच हे किलोमीटरांत मोजायचे रूप.

परदेशचे कौतुक पुरे. पुन्हा कुलाब्याला येऊ. वेधशाळेच्या सुया तिथून कधीच हलल्या. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या विजेने सुया बिथरणार हे उघड होते. त्या वेळचे संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी चुंबकीय वेधशाळा १९०४ ते १९०६ च्या दरम्यान खाडीपलीकडे अलिबागला नेली. दोन वर्षे दोन्हीकडे बरोबरीने मोजमाप चालविले, म्हणजे जुन्या आकड्यांचा धागा नव्याशी तुटू नये. अलिबागची ती इमारत बांधताना लोखंड वर्ज्य केले होते. पण कुलाब्याच्या त्याच टोकाला पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली, आणि तिथे आज चुंबकरेषांचा वेगळाच खेळ चालतो. जी. रवींद्र कुमार आणि त्यांचे सहकारी सेकंदाच्या अब्जांशाच्याही दहा हजाराव्या हिश्शाहून कमी टिकणारा लेझरचा झोत धातूच्या किंवा काचेच्या तुकड्यावर सोडतात. तिथे उठणाऱ्या प्लाझ्मात निमिषभरासाठी कोटी कोटी गाऊसांचे चुंबकीय बळ निर्माण होते. आपल्या पायाखालच्या पृथ्वीचे बळ अर्ध्या गाऊसाच्या आतबाहेर, यावरून अंदाज करावा. एवढ्या अल्प वेळात वेटोळे खुपसणार कुठे? म्हणून ते दुसरा, मंद लेझर त्या प्लाझ्मावर पाठवितात आणि परत आलेल्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा किती फिरली यावरून बळ काढतात. २०१२ आणि २०१७ साली त्यांनी, गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतले प्रेधिमान काव, अमिता दास, सुदीप सेनगुप्ता यांच्याबरोबर, या रेषांची खळबळ कशी माजते याचे निरीक्षण प्रसिद्ध केले. हा काही प्रिन्स्टनसारखा नेमका सांधेबदलाचा प्रयोग नव्हे. पण रेषांच्या या गुंत्याचे आकाशातल्या खळबळीशी नाते आहे, आणि तो गुंता मुंबईत एका टेबलावर करून पाहता येतो, हे मला विलक्षण वाटते.

‘‘पण सर, याचा उपयोग काय?’’ तक्त्यासमोर उभ्या राहिलेल्या पालकांपैकी एकाने मला विचारलेच. तक्ता माझा नव्हता. तरी मी उत्तर दिले. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्युबेक प्रांतात सूर्याच्या अशाच वादळाने काही क्षणांत वीज गेली आणि साठ लाख माणसे नऊ तास अंधारात राहिली. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे आपल्याकडे हा धोका पुष्कळ कमी आहे, हे खरे. पण आमच्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॉटचे वीजकेंद्र आहे आणि त्याच्या तारा शेकडो कोस जातात. लांब तारेला सूर्याची वीज लवकर लागते. आपल्या खिशातला फोन रस्ता दाखवितो तो उपग्रहांच्या भरवशावर. आणि सूर्यासारखी ऊर्जा पृथ्वीवर बाटलीत भरण्याचे जे प्रयत्न चालू आहेत, ज्यांसाठी गांधीनगरला १९८९ पासून ‘आदित्य’ नावाचे यंत्र चालले, तिथे तर हा सांधेबदल घरचा उंदीरच आहे. चुंबकरेषांची टोपली विणून तिच्यात प्लाझ्मा कोंडावा, आणि आतल्या आत सांधे बदलून टोपलीची वीण विस्कटावी! १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभांनी वीस वर्षांत ही ऊर्जा काबूत येईल असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही, याच्या अनेक कारणांत या उंदराचाही वाटा आहे.

ते पालक म्हणाले, ‘‘म्हणजे मुलीला यात नोकरी आहे तर!’’ मी हो म्हटले.

आता दुसऱ्या ‘आदित्य’ची गोष्ट. २ सप्टेंबर २०२३ रोजी भारताने ‘आदित्य-एल १’ हे यान सोडले. तारीख पाहिलीत ना? कुलाब्याच्या सुया ढळल्या त्या दिवसाला बरोबर १६४ वर्षे झाली होती. आणि ते आपल्या जागी, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवर, पोचले ते ६ जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला त्या तारखेला. योगायोगच, पण बाळशास्त्र्यांना त्याची मौज वाटली असती. यानावर पुण्याच्या आयुका संस्थेत तयार झालेली ‘सूट’ नावाची दुर्बीण आहे. २२ फेब्रुवारी २०२४ चा सूर्यावरचा एक मोठा स्फोट तिने टिपला. त्याच यानावर एक चुंबकमापकही आहे. सूर्याचा वारा यानाला ओलांडून पुढे निघतो तेव्हा त्यातल्या रेषांचे तोंड उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, डंगी यांनी सांगितलेले दार उघडणार की मिटलेलेच राहणार, हे ते पाहते. वारा तिथून पृथ्वीपर्यंत यायला अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्या वेळात गोंदियाहून सुटलेली गाडी तिरोड्याच्या पुढे गेलेली असते, फार तर तुमसर रोडला लागलेली.